कडब्याची गंज आणि तुरीची ओळ

इतिहास लिहिणारांची दृष्टि बहुधा किल्ल्यांच्या तटांवर, तहाच्या कलमांवर आणि सिंहासनांच्या उलथापालथींवर खिळलेली असते. ज्या घोड्यांवर बसून राज्यें जिंकलीं आणि ज्या बैलांच्या खांद्यावर तीं पोसलीं गेलीं, त्या मुक्या प्राण्यांनीं वैशाख-ज्येष्ठांत काय खाल्लें, हा प्रश्न आमच्या बखरकारांस क्वचितच सुचला. वस्तुतः दख्खनच्या पठारावर हा प्रश्न मुळींच गौण नव्हता. येथें पाऊस चार महिने पडतो आणि आठ महिने पडत नाहीं. माळावरचें हिरवें गवत दिवाळीनंतर पिवळें पडूं लागतें आणि होळीच्या सुमारास माळ उघडे होतात. तेथून पहिल्या पावसापर्यंत गुरें जगवावयाचीं तीं सांठविलेल्या वैरणीवरच. ज्याच्या दारीं गंज त्याच्या गोठ्यांत गुरें, आणि ज्याच्या गोठ्यांत बैल त्याचीच पुढील मृगाची पेरणी वेळेवर, असा हा सरळ हिशेब आहे.

प्रस्तुत लेखांत या हिशेबाचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे. त्यासाठीं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत, त्या शहराभोंवतालचा मुलूख आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. येथें वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे २८ इंच पाऊस पडतो. परंतु सरासरी हा शब्द येथें फार फसवा आहे. एका वर्षीं पिकें पाण्यांत उभीं राहतात, तर दुसऱ्या वर्षीं विहिरी श्रावणांतच तळ दाखवितात. अशा मुलखांत शेतकऱ्यानें एक युक्ति पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. ती म्हणजे गवताच्या जातीचें पीक आणि शेंगांच्या जातीचें पीक एकाच शेतांत, एकाच वेळीं पेरणें, आणि दोहोंचीहि वैरण राखून ठेवणें. गवताच्या जातीचें पीक म्हटल्यावर वाचकांस नवल वाटूं नये. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें जोंधळा, बाजरी, मका आणि ऊस हीं सर्व गवतेंच होत. आणि तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, हुलगा व हरभरा हीं शेंगवर्गांतील भावंडें होत.

या दोन कुळांची सांगड प्रथम शेतांत बसली कीं पागेंत, हें सांगणें कठीण आहे. पण पागेची भाषा मात्र स्पष्ट आहे. घोड्याच्या शिध्याचे दोन भाग असत : गवत आणि चंदी. गवत राखीव कुरणांतून कापून येई. चंदी म्हणजे भिजविलेला हरभरा किंवा शिजविलेला हुलगा. नुसत्या गवतावर घोडा जगतो, पण मजल मारीत नाहीं. नुसत्या चंदीवर तो आजारी पडतो. हें प्रत्येक मोतद्दारास ठाऊक होतें, आणि राज्याचें बळ बऱ्याच अंशीं या दोन गोष्टींच्या पुरवठ्यावर अवलंबून असे.

ज्या पुरुषानें हें शहर वसविलें, त्या मलिकंबराचें उदाहरण घ्या. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आलेल्या या हबशी मुत्सद्द्यानें १६१० मध्यें खडकी या खेड्याच्या जागीं नवें नगर उभारलें. मोंगलांच्या अवजड फौजेशीं समोरासमोर झुंज देण्यापेक्षां तिचें दाणापाणी तोडावें, ही त्याची रीत होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत त्यानें तलावाचें पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलांत रुतविली आणि तिची रसद अडविली. मोठ्या फौजेचा खरा शत्रु तिचें स्वतःचें पोट असतें, हें त्याला पक्कें कळलें होतें. त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, १६३० ते १६३२ या काळांत, गुजराथेपासून दख्खनपर्यंत भयंकर दुष्काळ पडला. आणि १६३३ मध्यें शेजारचा दौलताबादचा अजिंक्य मानलेला किल्ला पडला, तोहि आंतील शिबंदीची उपासमार झाल्यावर.

शिवाजी महाराजांची या बाबतींतील दूरदृष्टि तर एका पत्रांत चिरंतन झाली आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाजवळ पावसाळ्यासाठीं छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांस हें पत्र गेलें आहे. त्याचा आशय असा कीं, सांठविलेला दाणा व गवत मनास येईल तसें उधळाल तर भर पावसाळ्यांत कांहींच उरणार नाहीं. घोडीं उपाशीं मरतील, आणि मग लोक रयतेच्या घरांत शिरून दाणा, गवत, भाजीपाला उचलूं लागतील. रात्रीं दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीस आग लागेल, एवढ्या बारीक धोक्याचीहि त्यांत सूचना आहे. ज्याला राज्य चालवावयाचें आहे त्यानें गवताच्या काडीचाहि हिशेब ठेविला पाहिजे, हा या पत्राचा अर्थ. उलट बाजूचें चित्र औरंगझेबाचें. ज्या शहरास त्यानें आपलें नांव दिलें होतें, तेथें तो १६८२ मध्यें प्रचंड फौजेनिशीं परत आला आणि १७०७ मध्यें मरेपर्यंत दक्षिणेंतच राहिला. त्या पंचवीस वर्षांच्या अखेरीस हा मुलूख झाडें व पिकें यांवांचून ओसाड पडला होता आणि माणसांच्या व जनावरांच्या हाडांनीं भरला होता, असें मनुची या इटालियन प्रवाशानें लिहून ठेविलें आहे.

ही राजेलोकांची गोष्ट झाली. शेतकऱ्याजवळ कुरणें नव्हतीं आणि बैलाला रोज चंदी चारण्याची ऐपतहि नव्हती. म्हणून पागेंत जें गव्हाणीपाशीं एकत्र येई, तें त्यानें शेतांतच एकत्र आणलें. मृगाच्या वा आर्द्रांच्या पावसावर तो तिफणीच्या चाड्यावर मूठ धरी आणि जोंधळा पेरीत जाई. तिफणीच्या मागें दोरीनें बांधलेली एक निराळी नळी असे. तिला मोघण म्हणत. घरची बाई किंवा पोर त्या नळींतून ठराविक ओळींत तुरीचे दाणे सोडीत चाले. हलक्या जमिनीवर, विशेषतः वैजापूर-गंगापुराकडे, जोंधळ्याची जागा बाजरी घेई. मूग, उडीद किंवा मटकी यांच्या चार ओळीहि कोठें कोठें पडत. पाहणाऱ्यास हें शेत सरमिसळ व अव्यवस्थित वाटे. पण त्यांत मोठी योजना होती.

जोंधळ्याचीं मुळें तंतुमय असून तीं जमिनीच्या वरच्या थरांतील ओलावा घेतात. तुरीचें सोटमूळ खोल जातें व खालचा ओलावा शोधतें. जोंधळा पहिल्या दोन महिन्यांत झपाट्यानें उंच होतो, तर त्या काळांत तूर त्याच्या सावलींत जेमतेम गुडघाभर वाढते. आश्विन-कार्तिकांत जोंधळा कापला म्हणजे तुरीला ऊन, वारा व जागा मोकळी मिळते. ती पसरते, फुलते आणि पौषाच्या सुमारास शेंगांनीं लगडते. पाऊस लवकर गेला तर जोंधळा हातीं लागतो. मधें उघडीप पडून उशिरां पाऊस आला तर तूर साधते. दोन्ही एकदम बुडण्याचा योग क्वचित.

पिकांबरोबर वैरणहि दोन खेपांनीं घरीं येई. जोंधळ्याचीं कणसें खुडून झालीं कीं कडबा वाळवीत, पेंढ्या बांधीत आणि घराजवळ गंज रचीत. गंजीचा माथा उतरता ठेवून तो शाकारीत, म्हणजे पावसाचें पाणी ओघळून जाई. नीट रचलेली गंज दोन-तीन वर्षें टिके. त्यानंतर खळ्यावर तूर बडवीत. तिच्या शेंगांच्या टरफलांचा व पानांचा जो भुसा राही, त्यास मराठवाड्यांत गुळी म्हणतात. ती कोरड्या जागीं भरून ठेवीत. तुऱ्हाट्या कुडाला व चुलीला जात. उन्हाळ्यांत गव्हाणींत कडबा पडे आणि त्यावर मूठ-दोन मूठ गुळी. कामाच्या बैलास व दुभत्या गाईस गुळी थोडी अधिक. मुलगी देतांना वराच्या घरापुढील गंज पाहून घ्यावी, असें जुनीं माणसें सांगत. त्यांत घराच्या श्रीमंतीपेक्षां घराच्या शहाणपणाची परीक्षा होती.

त्या मूठभर गुळीचें महत्त्व शास्त्रानें पुढें स्पष्ट केलें. गाईबैलांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात, आणि काडीकचरा पचविण्याचें काम खरोखर तेच करतात. वैरणीच्या कोरड्या वजनांत प्रथिनें शेंकडा सुमारें सातांच्या खालीं गेलीं कीं या जंतूंचीच उपासमार होते. मग जनावर खातेंहि कमी आणि खाल्लेलें पचवितेंहि कमी. कडब्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच असतात. म्हणजे गंजीपुढें बांधलेला बैलहि केवळ कडब्यावर हळूहळू वाळत जातो. शेंगवर्गाच्या वैरणींत हें उणें भरून काढण्याची शक्ति आहे. फुलोऱ्यावर कापलेल्या चवळीच्या पाल्यांत, कोरड्या वजनानें, प्रथिनें शेंकडा पंधराच्या वर आढळतात. तुरीच्या गुळींत तितकीं नाहींत, तरी कडब्याहून पुष्कळ जास्त असतात. चुन्याचा अंशहि शेंगवर्गांत अधिक. कडबा पोट भरतो आणि गुळी त्या भरलेल्या पोटाला काम करावयास लावते.

हें ज्ञान आमच्याच शेतकऱ्यास होतें असें मात्र नाहीं. युरोपांत फ्लँडर्सच्या शेतकऱ्यांनीं क्लोव्हर नांवाची शेंगवर्गांतील वनस्पति शेतांत आणली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास ती इंग्लंडांत पोंचली. गवत व क्लोव्हर यांचें वाळलेलें मिश्रण हिवाळ्यासाठीं सांठवितां येऊं लागल्यावर तेथील गुरांची स्थिति पालटली. तेथें हिमवर्षावाचे महिने, येथें उन्हाळ्याचे. अडचण एकच आणि तिच्यावरचा तोडगाहि एकाच जातीचा. फरक इतकाच कीं, तेथें त्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि येथें तो मोघणीच्या नळींतून एका पिढीकडून दुसरीकडे गेला.

१८८९ मध्यें डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञास हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं सरकारनें विलायतेहून पाठविलें. वर्षभर देश हिंडून त्यांनीं लिहिलेला अहवाल १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. येथील रयत अडाणी असून तिला शेती शिकविली पाहिजे, हा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा आवडता समज होता. व्होल्करसाहेबांनीं तो निःसंकोचपणें खोडून काढला आणि धान्याबरोबर कडधान्य पेरण्याच्या रीतीची वाखाणणी केली. तीन-चार वर्षांपूर्वींच, १८८६ मध्यें, हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें दाखवून दिलें होतें कीं, शेंगवर्गाच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पकडून वनस्पतीस देतात. तुरीनें गाळलेल्या पानांमुळें पुढील वर्षाच्या पिकास जोम येतो, हें येथील शेतकरी पाहत आलाच होता. त्याचें कारण आतां जगास कळलें.

पुढें हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें, जिला आपण इक्रिसॅट म्हणतों, या जोडीचा कसोशीनें अभ्यास केला. एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली यांनीं १९८० मध्यें ज्वारी व तूर यांच्या ९४ प्रयोगांचे आंकडे एकत्र मांडले. विशिष्ट पातळीच्या खालीं उत्पन्न गेलें म्हणजे शेतकऱ्यावर संकट आलें असें धरलें, तर नुसती तूर पांच वर्षांत एकदां दगा देते, नुसती ज्वारी आठ वर्षांत एकदां. पण दोन्ही एकत्र पेरलीं तर असा प्रसंग छत्तीस वर्षांत एकदां येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. छत्तीस वर्षें म्हणजे शेतकऱ्याची जवळजवळ सारी कर्ती हयात! ज्या रीतीस आपण सवय समजत होतों, ती खरोखर विमा होती.

अर्थात् या विम्यालाहि मर्यादा होत्या. १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्या उघड झाल्या. त्या वर्षीं धान्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, चाऱ्याचा दुष्काळ पडला आणि पश्चिम हिंदुस्थानांत गुरांचा भयंकर संहार झाला. मनमाडहून औरंगाबादेवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग त्याच सुमारास तयार झाला. परंतु आगगाडीचा धान्यास जितका उपयोग तितका वैरणीस होत नाहीं. एका डब्यांत शेंकडों माणसांचें धान्य मावतें. तोच डबा कडब्यानें भरला तर थोड्याच गुरांची सोय होते, आणि भाडें मालाच्या किंमतीवर चढतें. धान्याचा दुष्काळ दूरचें राज्य निवारूं शकतें; चाऱ्याचा दुष्काळ बव्हंशीं गांवच्या गांवांतच निवारावा लागतो. हा धडा त्या वर्षानें दिला आणि आपण तो नीटसा घेतला नाहीं.

१९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा पुन्हां होरपळला. त्याच वर्षीं परभणी येथें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. बदनापूरच्या संशोधन केंद्रानें या भागास मानवणारे तुरीचे वाण दिले. हें गांव १९८१ मध्यें जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांतच होतें. ज्वारीच्या चार ओळींस तुरीच्या दोन ओळी, अशी शिफारसहि झाली. म्हणजे शास्त्रानें जुनी जोडी मोडली नाहीं. उलट तिला माप दिलें. जोडी मोडली ती दुसऱ्या वाटेनें.

१९६४ मध्यें ज्वारीचा सी. एस. एच. १ हा पहिला संकरित वाण आला. त्यानें दाण्याचें उत्पन्न पुष्कळ वाढविलें, आणि अन्नटंचाईच्या त्या दिवसांत तें आवश्यकच होतें. परंतु त्याचा धाट बुटका. कडबा थोडा, आणि गुरांस तो गांवठी ज्वारीच्या कडब्याइतका गोड लागेना. शिवाय लवकर पक्व होणारें तें कणीस परतीच्या पावसांत सांपडलें कीं दाणा काळा पडे व बाजारांत भाव जाई. दाण्यानेंहि पत गमावली आणि कडब्यानेंहि. मग खरिपाची ज्वारी शेतांतून मागें सरकूं लागली. २००२ मध्यें बीटी कापसास परवानगी मिळाली. त्याच काळांत सोयाबीन पसरलें. नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आले. आज सोयाबीनमध्यें तुरीची ओळ दिसते, कापसांतहि दिसते. पण सोयाबीन शेंगवर्गांतील आणि कापूस तर वैरणच नव्हे. तुरीची ओळ राहिली, मात्र तिच्या शेजारची गंज नाहींशी झाली.

याचा परिणाम २०१२-१३ आणि २०१८-१९ या अवर्षणांत सर्वांनीं पाहिला. मराठवाड्यांत ठिकठिकाणीं गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. कुटुंबांतील एक माणूस महिनोन्‌महिने गुरांजवळ छावणींत राही आणि बाकीचीं गांवीं. गव्हाणींत काय पडे? ऊस आणि उसाचें वाढें. ऊस हेंहि गवतच. पोट भरण्यापुरतें ठीक, पण प्रथिनांनीं अगदींच दरिद्री. पाणी पिऊन पोसलेला ऊस पाण्याच्या दुष्काळांत वैरण म्हणून विकत आणावा, याहून विचित्र व्यवहार कोणता?

तथापि जुनें तें सर्व सोनें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. मोघणीवर राबणारी बाई आणि शाळा सोडून तिच्यामागें चालणारें पोर यांचे कष्ट कोणत्याहि हिशेबांत धरलेले नव्हते. मिश्र पिकांत यंत्रानें कापणी अवघड जाते. मक्यांत वापरलेलें तणनाशक शेजारच्या चवळीसहि मारतें. ज्याला मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता रोख भरावयाचा आहे, त्यानें कापूस व सोयाबीन पत्करलें तर त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा? प्रश्न शेतकऱ्याच्या अकलेचा नसून आपल्या मोजमापाचा आहे. पिकाचें उत्पन्न आपण हेक्टरीं इतके क्विंटल दाणा असें सांगतों. त्या पिकानें किती गुरें किती महिने जगविलीं, हें विचारीत नाहीं.

सुदैवानें त्या जोडीस नवें रूप घेण्याची संधि आहे. फ्रान्समधील ऑगस्त गोफार यानें हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद ठेवण्याच्या कृतीवर १८७७ मध्यें ग्रंथ लिहिला. आपण त्यास मुरघास म्हणतों, आणि हा शब्द फार समर्पक आहे. घरांत लोणचें मुरतें तशीच ही वैरण मुरते. दुधाचें दहीं होतांना जें आम्ल तयार होतें, तेंच येथें तयार होऊन चारा टिकवितें. नुसता शेंगवर्गाचा पाला असा मुरविला तर बहुधा बिघडतो, कारण त्यांत साखर कमी आणि आंबटपणा शोषण्याची शक्ति जास्त. मक्यांत किंवा ज्वारींत साखर भरपूर, पण प्रथिनें कमी. दोन्ही मिसळलीं म्हणजे एकाची साखर दुसऱ्यास राखते आणि दुसऱ्याचीं प्रथिनें पहिल्यास पुरतात. जें शेतांत व गव्हाणींत खरें, तेंच खड्ड्यांतहि खरें ठरलें. पूर्वीं मराठवाड्यांत धान्यासाठीं जमिनींत पेवें खणीत. मुरघासाचा खड्डा म्हणजे गुरांचें पेवच.

सिल्लोड-कन्नडकडे मका आतां भरपूर होतो, आणि त्याचा मुरघास पिशव्यांत भरून विकलाहि जातो. पण तो बहुधा नुसत्या मक्याचा असतो, आणि प्रथिनांची उणीव बाजारची पेंड विकत घेऊन भरून काढावी लागते. त्याच शेतांत मक्याच्या ओळींमधून चवळी पेरून दोन्ही एकत्र कापलीं, तर पेंडीचा कांहीं खर्च तरी शेतांतच भागेल. तणनाशकाऐवजीं एक कोळपणी जास्त करावी लागेल, हें खरें. तो खर्च धरूनहि हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ज्यांच्याकडे दोन गाई आहेत अशा घरानें तो आधीं पांच-दहा गुंठ्यांवर करून पाहावा.

शहरांतील वाचकांस हा सारा विचार परका वाटेल. पण सकाळीं त्यांच्या दारीं येणारें दूध याच गव्हाणींतून येतें, आणि उन्हाळ्यांत त्याचा भाव कां चढतो याचें एक उत्तर येथेंच आहे. चिपळूणच्या छावणीस गेलेल्या त्या पत्रांत पावसाळा संपेपर्यंत काडीकाडी पुरविण्याची आज्ञा होती. आपल्याकडे तशी आज्ञा करणारा कोणी नाहीं. म्हणून मृगापूर्वींच, बियाणें घेतांना, पुढच्या वैशाखांत गुरें काय खातील हा प्रश्न ज्याचा त्यानेंच स्वतःस विचारावयास हवा.